जुन्या सांध्याला काळा रंग

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या जुन्या ट्रकची दुरुस्ती मीच करायचो, पेडगावात, आमच्या अंगणात. त्या जानेवारीत स्टिअरिंग फार ढिलं झालं. खाली शिरून पाहिलं — चाक वळवणाऱ्या टायरॉडच्या टोकाचा सांधा पार झिजलेला. आतला गोळा वाटीत खुळखुळत होता. नवाच टाकायला हवा होता, आणि तो परभणीतच मिळायचा.

पण ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कुठं बंद, कुठं दगडफेक. सायकलवर निघालो, तर फाट्यावर टायर जळत होते आणि काठ्या घेतलेली पंधरा-वीस माणसं. कुठल्या बाजूची? ते बघायलाही थांबलो नाही. दुपारपर्यंत तुरीच्या रानात लपून बसलो.

भ्यालो, हे दाजींना सांगता आलं असतं. नाही सांगितलं — लाज वाटली. घरी येऊन जुनाच सांधा घासलेटानं धुतला, ग्रीस कोंबलं, वरून काळा रंग दिला.

"नवा टाकलास न्हवं?" दाजींनी विचारलं.

"व्हय दाजी. बिनघोर जा."

बिनघोर — हाच शब्द वापरला मी.

रस्ते खुले झाले तसे दाजी कापूस भरून सेलूला निघाले. शेजारी गावातला किसन हमाल. ओढ्याच्या वळणावर ट्रक खाली गेला. दाजींचा खुबा मोडला. किसन जागीच संपला.

मी पोचलो तेव्हा लोक दाजींना उचलत होते. मी मात्र ट्रकखाली बघत होतो — गोळा वाटीतून निसटलेला. मग काय केलं मी? कुणीतरी किसनच्या तोंडावर उपरणं टाकत होतं, आणि मी... मी ओढ्यातला चिखल घेऊन त्या काळ्या रंगावर माखत होतो.

कुणी खाली वाकलंच नाही. दाजींनी स्वतःच पोलिसांना सांगितलं, "स्टिअरिंगचं काम नवं व्हतं. माझाच डोळा लागला असंल."

पुन्हा त्यांनी ट्रक चालवला नाही. दर साली काठी टेकत किसनच्या बायकोच्या दारात जायचे, हात जोडून उभे राहायचे. त्यांना धरून कोण नेत असे? मीच.

मागच्या साली ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "गाडी तू बघितली व्हतीस. मला खरंच झोप लागली व्हती का रं? मला तर वळण दिसायलं व्हतं..."

आता कसली भीती होती मला? तरी तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो हा —

"लागली असंल, दाजी. लय थकला व्हता तुमी."

त्यांनी मान हलवली, भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेले.

ते जागे होते. मला ठाऊक होतं.