पोटमाळ्यावरचा मास्तर

लालबागच्या एका प्रेसमध्ये मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायचे. एक दिवस चहा पिता पिता शेठ म्हणाले, "आता कार्ड कोण छापतंय? लोक मोबाइलवर लिंक पाठवतात. तू ते वेबपेजचं शिकून घे बाई. नाहीतर तुझं मशीन आणि माझं मशीन, दोन्ही भंगारात."

मी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. क्लास लावला तर बाजूला वीस वर्षांची पोरं बसणार, म्हणून ठरवलं की नेटवरच शिकायचं. सगळं फुकट असतं म्हणतात, आणि असतंही. पण फुकट असणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. एक गोरा तरुण इतका भरभर बोलायचा की मी व्हिडिओ थांबवेपर्यंत त्याचं अर्धं घर बांधून झालेलं असायचं. एका साइटवर डाव्या चौकोनात लिहायचं, उजव्या चौकोनात ते दिसायचं. ती मला आवडली, पण चुकलं तर का चुकलं ते ती सांगायची नाही. प्रश्न विचारायच्या एका ठिकाणी मी धीर करून काहीतरी विचारलं, तर कुणीतरी इंग्रजीत लिहिलं की हे आधी विचारून झालंय, शोधा. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटून भाकऱ्या थापायला बसले.

मग एका संध्याकाळी शोधता शोधता तो सापडला. मराठीत शिकवणारा. पाहणारे फार थोडे. स्क्रीनवर फक्त त्याचा कोड दिसायचा, तोंड कधीच नाही. आवाज तिशीच्या आतबाहेरचा, जरा बसका, आणि कसलीच घाई नसलेला.

"टॅग म्हणजे डबा," तो म्हणायचा. "डबा उघडला की झाकण लावायचं. सगळ्यांत जास्त चूक कुठे होते? झाकण विसरतो आपण. बघा, लावलं का झाकण?" आणि तो थांबायचा. खरंच थांबायचा, समोर बसलेल्या माणसासाठी थांबावं तसा. मी तपासायचे, तर दहापैकी सात वेळा झाकण राहिलेलं असायचं. मग तो स्वतःशीच हसायचा. मला पाहून हसल्यासारखा.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो, आई आणि मी. आमची बिल्डिंग पुनर्विकासासाठी रिकामी व्हायला लागली होती. करार करून, सामान बांधून एकेक कुटुंब निघून जात होतं. आमच्या मजल्यावर थोडीच बिऱ्हाडं उरली होती, बाकी खोल्यांना बाहेरून पट्ट्या ठोकलेल्या. कॉरिडॉरमध्ये पूर्वी इतका गलका असायचा की शेजारच्या घरातला रेडिओ कळायचा नाही. आता मी कामावरून येऊन धडा लावला की त्याचा आवाज दारातून बाहेर जायचा आणि टोकाच्या नळापर्यंत पोचून परत यायचा. पट्टी ठोकलेल्या खोल्यांतूनही कुणीतरी शिकवतंय असं वाटायचं.

आई कांदा चिरत ऐकायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याच्या आवाजामागे एक घर होतं, ते तिला कळायचं. कुकरची शिट्टी व्हायची. भांडं पडायचं. मध्येच खालून एक यंत्र सुरू व्हायचं, घूंऽऽ करत वर चढणारं आणि मग किरकिरणारं. तो म्हणायचा, "खाली बफिंग चालू झालं, जरा सहन करा." आणि जवळजवळ प्रत्येक धड्यात एका बाईची हाक यायची, "झिला, जेवूक ये रे, थंड जाता!" त्यावर तो, "येतंय गे आये, पाच मिनटां!" आणि परत आमच्याकडे वळून, "हां, तर मार्जिन."

"अगं, ही बाई एवढ्या हाका मारतेय," आई म्हणायची, "आणि तुझा मास्तर बसलाय आपला. जेवतो तरी का नीट?"

"जुनं रेकॉर्डिंग आहे आई. केव्हाच जेवला असेल."

"मग उद्या परत कशी हाक मारते ती?"

मी हसायचे. पण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. प्रेसमध्ये काम करताना त्याचा आवाज डोक्यात चालायचा. पत्रिकेतल्या वधूच्या वडिलांच्या नावाला कंस उघडला की आतून कुणीतरी विचारायचं, झाकण लावलं का?

असं करत मी बरंच शिकले. पानाला रंग दिले, फोटो लावला, मोबाइलवर पान आक्रसून नीट बसेल असं केलं. पहिलं पान उघडलं तेव्हा आईला दाखवलं. तिनं बोटानं वर सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरला दाखवलंस?"

त्याला दाखवायची सोय होती. व्हिडिओखाली लिहिता यायचं. पण तिथं सगळे प्रश्न तसेच पडलेले होते. 'सर, माझं चित्र दिसत नाही.' 'सर, दोन डबे शेजारी शेजारी येत नाहीत.' उत्तर एकालाही नाही. शेवटच्या धड्याच्या शेवटी तो म्हणाला होता, "पुढच्या भागात फॉर्म करू. म्हणजे समोरचा माणूसही आपल्याला काहीतरी लिहू शकेल." आणि पुढचा भाग नव्हता. मी लिहिलं, 'सर, फॉर्म कधी शिकवणार?' माझ्या वर आणखी पाचसहा जणांनी तेच विचारलेलं होतं.

मग एका शनिवारी शेठनी मला चिंचपोकळीला एका गिऱ्हाइकाकडे प्रुफं द्यायला पाठवलं. काम झालं, स्टेशनकडे निघाले. रुळांना लागून एक गल्ली आहे, त्यात ट्रॉफ्या आणि ढाली बनवणारे दोनतीन कारखाने. मी त्या गल्लीतून चालले होते आणि एका दारातून यंत्र सुरू झालं. घूंऽऽ करत वर चढलं आणि किरकिरलं.

मी थांबले. धातू घासून चकाकवणारी बफिंगची यंत्रं मुंबईत कमी नाहीत, हे कळत होतं. पण ते किरकिरणं मी महिनोन् महिने रोज ऐकत होते. कारखान्यात पितळेच्या धुळीनं पिवळा झालेला एक माणूस होता. त्याला विचारलं, "वर कुणी कॉम्प्युटर शिकवतात का?"

त्यानं यंत्र बंद केलं. माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं बोटानं जिना दाखवला.

दार उघडंच होतं. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, एका कानात इअरफोनची वायर. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "मास्तर आहेत का? म्हणजे, वेबपेजचं शिकवतात ते?"

त्यांनी वायर काढली. मग आत स्वयंपाकाच्या ओट्याकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "मुलगा माझा. तो गेला. डेंग्यू झाला होता. दोन पावसाळे झाले."

मी उंबऱ्यावरच उभी होते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग आणखी हळू म्हणाले, "मी दुपारचा ऐकतो त्याला. कळत काय नाय. पण कुठे थांबतो, कुठे हसतो, सगळं पाठ आहे. हिला सांगितलंय की कीर्तन ऐकतो. तुम्ही काय बोलू नका."

तेवढ्यात आतून पाणी घेऊन त्यांच्या पत्नी आल्या. बारीक चणीच्या, चापून नेसलेलं लुगडं. "कोण गो तू?"

"मी त्यांच्याकडे शिकते," माझ्या तोंडून गेलं. "रोज संध्याकाळी."

'शिकते' म्हटल्यावर माझं मलाच कळलं काय बोलले ते. पाण्याचा पेला त्यांच्या हातातच राहिला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"माका कळना नाय असा ह्यांका वाटता," त्या म्हणाल्या. "कीर्तनात कोण असो मदीच हसता?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. खालचं यंत्र अजून बंदच होतं, त्यामुळे खोली फार शांत होती.

"तुम्ही कधी ऐकलं नाहीत?" मी विचारलं.

"नाय. ता माका नको."

"त्यात तुमचाही आवाज आहे."

"माझो?"

"तुम्ही त्यांना जेवायला हाक मारता."

त्या खाली जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मगे तो काय म्हणता?"

"येतंय गे आये, म्हणतात. आणि शिकवत राहतात."

"तसोच होतो," त्या म्हणाल्या. आणि मग, "लाव बघया."

मी माझ्या फोनवर धडा लावला. मार्जिन, पॅडिंग, कुकर. मग हाक आली. स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या, जणू घरात दुसरी बाई शिरली. पाठोपाठ तो म्हणाला, "येतंय गे आये, पाच मिनटां!" फोन तसाच चालू राहिला. तो पानाची कडा किती सोडायची ते सांगत होता, आणि त्याची आई ते सगळं शेवटपर्यंत ऐकत होती. तो जाऊन जेवतो की नाही हे धड्यात कळणार नव्हतं. पण ती त्याचीच वाट पाहत होती असं मला वाटलं.

निघताना म्हाताऱ्यांनी विचारलं, व्हिडिओखाली लोक काय लिहितात. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोणी जबाब नाय देत? एवढे विचारतायत. तुम्हाला येतं ना थोडंफार?"

तेव्हापासून मी त्या प्रश्नांना उत्तरं लिहायला लागले. 'मी सरांची विद्यार्थिनी,' असं आधी लिहायचे आणि मग उत्तर. चित्र दिसत नाही म्हणणाऱ्याच्या फाइलच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. फॉर्मचा धडा मी दुसरीकडे इंग्रजीतून वाचून काढला, शब्दाला शब्द लावत. तोपर्यंत शेठसाठी पहिली लग्नाची लिंकही मी करून दिली होती. सर गेले हे मात्र कुठे लिहिलं नाही. म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, "तेवढं नका लिहू." त्यामुळे लोक अजून 'सर, सर' करत लिहीत होते, आणि त्यांच्या आणि त्याच्या मध्ये मी मध्यस्थासारखी बसलेली. कधी कधी उत्तर लिहून झालं की पुन्हा वाचून बघायचे. वाक्यं माझी नव्हतीच. घाई नसलेली, मध्ये थांबणारी. आई एकदा म्हणाली, "फोनवर भाचीला समजावत होतीस ना, मला वाटलं मास्तरच बोलतोय." तिला मी सगळं सांगितलं होतं. ऐकून ती नंतर बरेच दिवस संध्याकाळी दार लावून घ्यायची.

मग एका बाईनं लिहिलं. ती नांदेडकडची, नवऱ्याच्या उपचारांसाठी परळच्या हॉस्पिटलात आली होती. 'फुटपाथवर बसून सरांचे धडे बघते. दिवस जातो. सर मुंबईचेच वाटतात, भेटतील का?'

याला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना. मी चिंचपोकळीला जाऊन विचारलं. सरांच्या आई ओट्यापासूनच म्हणाल्या, "येवंदे तिका."

रविवारी सकाळी मी तिला हॉस्पिटलच्या फाटकापासून घेऊन गेले. पस्तिशीची, हातात औषधांची पिशवी, डोक्यावरून पदर. वाटेत तिनं मला मोबाइलवर तिचं पान दाखवलं. गावातल्या बायकांच्या पापड-शेवयांचं होतं, प्रत्येकीचा फोटो. खोलीत शिरल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सर कुठं गेलेत?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तो गेलो गो. माझो झील वारलो."

माझ्यासमोर त्यांनी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. म्हाताऱ्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

ती बाई रडली नाही. नवरा हॉस्पिटलात असलेल्या माणसाचं रडणं कुठेतरी राखून ठेवलेलं असतं. ती म्हणाली, "मी काल रात्रीच ऐकलं त्यांना."

"आम्ही पण," म्हातारे म्हणाले.

सरांच्या आईंनी तिचं पान पाहायला मागितलं. एकेक फोटो बघत त्या विचारत होत्या, ही कोण, ही कोण, आणि ह्या तेना शिकवल्यान? ती दर वेळी हो म्हणत होती. मग तिनं विचारलं, सर बसायचे कुठे? म्हाताऱ्यांनी पोटमाळ्याची शिडी धरली. ती वर गेली.

बराच वेळ ती खाली आली नाही. वर तिच्या पावलांनी फळी वाजत होती. थोडं चालणं, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग काहीच नाही. आम्ही तिघं खालून वर बघत होतो.

"हयसर कोण वर चडाक नाय तेच्या मागसून," त्या म्हणाल्या.

पुन्हा फळी वाजली. त्या उठल्या नाहीत, हाकही मारली नाही. म्हाताऱ्यांनी शिडी धरलेली होती ती तशीच धरून ठेवली, ती उतरेपर्यंत.