गाद्यांची होडी

खाडीतल्या कांदळवनात फ्लेमिंगो दाखवायला गावातले कोळीच पर्यटकांना होडीने नेतात. त्यावर त्यांचं घर कितपत चालतं, याचा अभ्यास करायला मी सानपाड्याहून सारसोळे जेट्टीवर जायचे. तिथल्या एका मावशींच्या दोन होड्या होत्या. एक मासेमारीची, दुसरी खास पर्यटकांची. दुसरीत मऊ गाद्या होत्या, नारिंगी लाइफ जॅकेटं होती, आणि तिच्यात मासळीचा खवलासुद्धा पडू द्यायचा नाही, असा मावशींचा कडक नियम होता. तरीही एकदा एका बाईंनी होडीत पाय ठेवताच नाकाला रुमाल लावला. माझं डोकंच फिरलं. अहो, मग मॉलमध्ये जा ना! मावशी मात्र फळ्या पुन्हा धुवायला लागल्या.

नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम गेले. दोन्ही होड्या झेंडूच्या माळांनी सजल्या होत्या. खाडीला नारळ वाहून झाल्यावर मावशींच्या नवऱ्याने, काकांनी, पर्यटकांच्या होडीतल्या गाद्या उचलून काठावर ठेवल्या, आत जाळं टाकलं आणि ते तीच होडी घेऊन खाडीत गेले. परतले तेव्हा तिच्या तळाशी मूठभर कोळंबी तडफडत होती.

"मावशी, आता हिला वास येणार की!" मी म्हणाले.

मावशींनी ओल्या फळीवरून हात फिरवला.

"येऊ दे. वरीसभर पावन्यांना फिरवते बिचारी. येक दिस तरी तिला समजू दे, ती कोनाची हाय."