न्यू जर्सीत वारलेल्या गीताबाई

गीताबाईंचा राग शिळा होत नाही. इतरांचा राग चहापाणी झालं की निवतो. गीताबाई तो लोणच्यासारखा मुरवतात आणि वेळ आली की बरोबर पानात वाढतात. भोर तालुक्यात हिर्डोशीकडच्या डोंगरात त्यांनी पस्तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली. एस.टी. दिवसातून एक, तीही आली तर. लसींचा डबा खांद्याला लावून त्या वाड्यावस्त्या पायी फिरल्या. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात एका डॉक्टरनं त्यांचा रजेचा अर्ज फेटाळला. नवरा गेला. गीताबाई तेव्हा चकार शब्द बोलल्या नाहीत. अकरा वर्षांनी त्याच डॉक्टरच्या निरोप समारंभात त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि साहेबांचे गुण गाता गाता त्या अर्जाची तारीख, वार आणि साहेबांनी त्यावर मारलेला शेरा इतक्या गोड आवाजात सांगितला, की साहेबांच्या बायकोनं हातातला पेढा खाली ठेवला.

अशी बाई अमेरिकेत वर्षानुवर्षं खालमानेनं राहिली, यावर भोरमध्ये कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यांना गप्प केलं ते रुपयानं.

मुलगा सम्राट न्यू जर्सीत स्थिरावला, तिकडचा नागरिक झाला आणि त्यानं आईला कायमचं बोलावून घेतलं. नात गायत्री तेव्हा दोन वर्षांची होती. गीताबाई निघाल्या त्या एका अटीवर. "म्या कुणाच्या जिवावर खायची न्हाई. माझी पेन्शन हाय, ती दर महिन्याला घरात घालीन." सम्राट हसून हो म्हणाला. तेव्हा डॉलर अडुसष्ट रुपयांना होता. पेन्शनचे डॉलर करून आणले की घराचा भाजीपाला, डाळतांदूळ आणि गीताबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्यातून निघत. दुकानात कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून पारखायच्या त्या आणि पैसे द्यायला पुढं व्हायच्याही त्याच. घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मग डॉलर चढत गेला. पंचाहत्तर झाला, त्र्याऐंशी झाला, शेवटी नव्वदीला टेकला. पेन्शन जागची हलत नव्हती असं नाही. पण महागाई भत्ता चार पावलं पुढं टाकी तोवर रुपया सहा पावलं मागं सरे, आणि तिकडचं दूध, अंडी, औषधं सगळीच वर गेलेली. लोक सकाळी पाऊसपाण्याचं बोलतात तसा सम्राट चहाबरोबर डॉलरचा भाव सांगू लागला. "आई, या महिन्यात तुझ्या पेन्शनमधले आणखी सहा डॉलर उडाले बघ." त्याला ती गंमत वाटे. गीताबाई चहा अर्धाच टाकून उठत. पस्तीस वर्षांचे ओढे, चिखल, पायाला डसलेल्या जळवा, आणि त्या सगळ्याचं इथं काय, तर दोन आठवड्यांचा बाजार! काही चूक नाही, कुठं उधळपट्टी नाही, तरी बाई रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा लहान होत होती.

घरातल्यांनाही ते दिसत होतंच. आधी दुकानात पैसे द्यायला सून शिवानी पुढं होऊ लागली. मग गीताबाईंची उन्हाची खोली तिच्या ऑफिसच्या कामाला लागली आणि त्यांचा पलंग तळघरात उतरला. "आई, खाली तुम्हाला शांतता मिळेल," शिवानी म्हणाली. शांतता मिळाली, आणि जिन्याच्या दारातून वरचं बोलणंही स्पष्ट ऐकू येऊ लागलं. "त्यांच्या पेन्शनमध्ये आता त्यांच्या गोळ्यासुद्धा बसत नाहीत," शिवानी एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "पण तोरा बघशील तर कलेक्टरीणबाईंचा." गीताबाई तेव्हा तिच्याच घरच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तीन वेळचा स्वयंपाक त्या करत, गायत्रीला शाळेत सोडत आणि आणत. त्याचा डॉलरमधला भाव कुणी काढला नव्हता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पैसा आटलेल्या माणसाचं भांडण कोण ऐकून घेतं? त्यांनी डूख धरला आणि घडी घातली.

भोरला त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर एक, मागं नळाची मोरी. नोकरीच्या फंडातून बांधलेलं, पाटीवर त्यांचं एकटीचं नाव. आता सम्राटची नजर तिकडं वळली. "आपण जितकं थांबू तितकं ते घर इथल्या पैशात लहान होतंय, आई. आत्ताच विकून टाकू, इथलं कर्ज तरी हलकं होईल." पेन्शननं खाली गेलेली मान घरानं वर येईल, असं गीताबाईंना एका कमजोर क्षणी वाटलं. त्यांनी पुतण्या अभिषेकच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून दिलं. सही झाल्यावर मात्र गीताबाई कागदाची नक्कल पुन्हा पुन्हा काढून वाचू लागल्या. ते घर गेलं की परत फिरायला दार उरणार नव्हतं. मरेपर्यंत तळघर आणि सुनेचा शब्द.

त्यातच नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्याला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. भोरला सगळे म्हातारे त्यासाठी बँकेत जातात, यादीत आपल्या नावापुढं सही करतात आणि यंदा कोण कोण उरलं ते बघत बाकड्यावर तासभर गप्पा हाणतात. परदेशातून ते काम सम्राट करायचा. यंदा गीताबाईंनी त्याला तीनदा आठवण केली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "झालं गं ते." त्यानंतर चहाबरोबर डॉलरचा भाव सांगणंही त्यानं बंद केलं. पोराला अक्कल आली, असं गीताबाईंना वाटलं.

झालं काहीच नव्हतं. भोरच्या बँकेत गीताबाईंच्या नावापुढची जागा कोरी राहिली आणि त्यांची पेन्शन थांबली. आता भोरमध्ये सत्तरीला आलेल्या बाईची पेन्शन एकाच कारणानं थांबते. निवृत्तांच्या संघटनेच्या अध्यक्ष रत्नाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या, गीताबाईंची जुनी मैत्रीण. त्यांनी चारपाचदा फोन लावला. पण गीताबाईंचा इकडचा नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडला होता. मग संघटनेनं जे करायचं ते रीतसर केलं. शोकसभा घेतली, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, चौघांनी भाषणं केली आणि एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. "कालकथित गीताबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली." फोटो निवृत्तीच्या दिवसाचा, हातात नारळ असलेला.

अभिषेक कामाला शिरवळला. घराचं गिऱ्हाईक गाडीत घालून, कागद करायला तो एका शनिवारी भोरला आला. स्टँडच्या कोपऱ्यावर गिऱ्हाईकानंच त्याला गाडी थांबवायला लावली. फ्लेक्स दोनदा वाचून तो म्हणाला, "मालकीण गेली म्हणल्यावर तुमच्या मुखत्यारपत्राला काय अर्थ राहिला? मेलेल्या माणसाच्या वतीनं सही करणार व्हय तुमी?" अभिषेकनं काकी जिवंत असल्याच्या शंभर शपथा घेतल्या. त्या सगळ्या फ्लेक्ससमोर उभ्या राहून घेतल्यामुळं गिऱ्हाईकाला पटल्या नाहीत.

रविवारी सकाळी सम्राट तळघरात धावत उतरला. कित्येक महिन्यांत तो खाली आला नव्हता. "आई, बघ काय वेडेपणा केलाय या लोकांनी!" त्यानं हसत हसत फोन पुढं केला. गीताबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. नारळ, पदर, खालचं नाव, सगळं त्यांचंच होतं.

"म्या मेले कशानं?" त्यांनी विचारलं.

"अगं, पेन्शन बंद पडली, तर त्यांना वाटलं..."

"बंद कशी पडंल? तू झालं म्हणालास न्हवं?"

सम्राटचं हसू मावळलं. "राहून गेलं गं. मोबाईलवर तुझा चेहरा घेईना, मग वकिलातीत खेटे घाला, अर्ध्या दिवसाची रजा काढा. अर्ध्या दिवसात मी त्याहून जास्त कमावतो, आई. म्हटलं, एवढ्याशासाठी कोण..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही, पण गीताबाईंना ते पुरं ऐकू आलं. आपली आई जिवंत आहे एवढं सांगणंसुद्धा या पोराला महाग पडलं होतं. इतकी वर्षं आपण ज्याच्यापुढं लाजत होतो तो रुपया बिचारा गरीब होता. नालायक निघाला तो हा पोरगा. हे मनात आलं आणि त्यांची इतक्या वर्षांची लाज एका झटक्यात उतरली. खाली उरला तो नुसता राग, चांगला मुरलेला.

"मग आता काय करायचं म्हणतोस?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"काही नाही. अभिषेक, गिऱ्हाईक आणि वकील रत्नाबाईंच्या घरी बसलेत. व्हिडिओवर दोन वाक्यं बोल. मी जिवंत आहे, आणि घर विकायला माझी संमती आहे. बस."

"आलेच तोंड धुऊन," गीताबाई म्हणाल्या. त्यांनी पांढरी साडी नेसली, केस विंचरले आणि वर बैठकीत येऊन बसल्या. सम्राट शेजारी बसला. शिवानी कॉफीचा कप घेऊन दारात उभी राहिली.

पडद्यावर त्यांचा चेहरा दिसताच रत्नाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "जयभीम गीताबाई! अवो, लई रडवलंत आमाला."

"जयभीम. माझी सभा घेतलीत, उपकार झाले," गीताबाई म्हणाल्या. "कोण कोण काय बोललं ते मागनं सांगा."

वकील खाकरले. "बाई, आपण हयात आहात, बरोबर?"

"हाय."

"आणि घर विकायला आपली संमती आहे?"

सम्राट शेजारून मान हलवत होता. गीताबाईंनी पदर सावरला. "साहेब, त्याआधी म्या कशानं मेले ते सांगते. न्हाई तर रत्नाबाईंची सभा अर्धीच ऱ्हाईल. माझा दाखला द्यायला माझ्या लेकाची अर्ध्या दिवसाची रजा लागत व्हती. ती त्याला परवडली न्हाई. इतकं सस्तं मरण भोर तालुक्यात आजवर कुणी मेलं नसंल. त्यानं मला झालं म्हणून सांगितलं आन् आता घर इकायचं तर म्या परत जिती पायजे. माझी सूनबाई ही हितं उभी हाय, तिचं म्हणणं की माझ्या पेन्शनीत माझ्या गोळ्याबी बसत न्हाईत. खरं हाय. हितं बसत न्हाईत. भोरात बसतात."

"आई!" सम्राट फोनकडं झेपावला. गीताबाईंनी हात लांब केला.

"ल्हिवा साहेब. घर इकायचं न्हाई. ते मुखत्यारपत्र मोडायला काय कागद लागतील ते तयार ठेवा, म्या येते सही करायला. अभिषेक, चावी रत्नाबाईंपाशी दे. आन् पावणं, तुमी चहा घेऊन जावा. रत्नाबाई, तेवढा फ्लेक्स उतरवू नका. लेक गावाकडं आला तर त्याला वाचू द्या."

फोन बंद झाला. सम्राटचा चेहरा पांढराफटक पडला होता. गीताबाईंनी तो डोळे भरून पाहिला. असलं सुख त्यांना डॉक्टरच्या निरोप समारंभातही झालं नव्हतं. "तिकीट काढ," त्या म्हणाल्या.

"आणि गायत्रीला शाळेतून कोण आणणार?" शिवानीच्या तोंडून निघून गेलं.

"बाई ठेव. डॉलरात पगार दे तिला."

दहा वर्षांची गायत्री निघायच्या दिवशी त्यांच्या कमरेला मिठी घालून रडली. गीताबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. पण एवढ्या वर्षांचा सूड हाताशी आलेला. तो त्यांना खाली ठेवता येईना. पोरीची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली.

भोरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांनी भूत बघितल्यासारखा गलका केला, कुणी चहा मागवला. पेन्शनच्या टेबलाला एक नवी बाई होती. तिनं दाखला करून दिला, थकलेली पेन्शन कधी जमा होईल ते सांगितलं आणि एक फॉर्म पुढं ओढला. "मावशी, तुमच्या पश्चात राहिलेली रक्कम कुणाला द्यायची? मुलगा आहे ना?"

"व्हता," गीताबाई म्हणाल्या.

त्या बाईचं पेन थांबलं. "अरेरे. कधी गेले?"

"नोव्हेंबरात."

बाईनं पाण्याचा ग्लास मागवला. गीताबाईंनी तो शांतपणे प्यायला. आपण खोटं बोललो असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. आता फिट्टंफाट झाली, एवढंच वाटलं.

"मग नाव कुणाचं घालू?"

"नात हाय. गायत्री."

"वय?"

"धा."

"अज्ञान आहे म्हणजे. पालकाचं नाव लागेल, मावशी. वडील तर नाहीत. आई आहे ना तिची?"

मागं रांग खोळंबली होती. गीताबाईंनी फॉर्मकडं पाहिलं, मग हाताच्या बोटांकडं. लेक हयात आहे असं म्हणायची हीच शेवटची संधी होती; जीभ वळली नाही.

"शिवानी," त्या म्हणाल्या.

बाईनं नाव लिहून घेतलं आणि हळहळून मान हलवली. "फार एकटी पडली असेल हो बिचारी."

"व्हय," गीताबाई म्हणाल्या, आणि खाली सही केली.