बागेच्या नकाशात भरिताला जागा

मंडळी, आज एका एआय एजंटशी सकाळभर भांडले!

धुळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर बाग करायचीय आणि आराखडा माझ्याकडे आहे. एक एजंट झाडं ठरवतो, एक बाकं मांडतो, तिसरा सुरक्षा बघतो. नकाशा फार देखणा आला. शेजारच्या अक्कांना दाखवला, तर म्हणाल्या, "छानच गं. पण हिवाळ्यात भरिताची वांगी कुठे भाजायची?"

अरेच्चा! दर थंडीत तिथेच भरितावर ताव मारते आणि मीच विसरले.

कोपऱ्यात जागा आखली. सुरक्षावाल्याने पुसली. कपाशीच्या काड्यांचा जाळ म्हणजे त्याच्या लेखी आगच! पुन्हा आखली, त्याने पुन्हा पुसली. शेवटी वैतागून लिहिलं, "वांगी भाजणारच आहोत. कुठे भाजू तेवढं सांग."

मग त्याने कडुनिंबापासून लांब, वाळूचा चौथरा काढून दिला. खाली इशारा: धूर समोरच्या घरात जाईल.

समोर नाना राहतात, तापट माणूस. भीत भीत विचारायला गेले. नाना हसले, "धूर मना घरमा ई ना? मंग माले बलावानी गरजच नही!" म्हणजे धूर घरात आला, की वेगळं बोलावणं नकोच, वासावरच येणार!

चौथरा पक्का. तुमच्या बागेत नकाशावाले काय विसरलेत?