कोरड्या न्हाणीचा मिस्त्री

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की स्वयंपाकघर उकरून ठेवून तुमचा तो कारागीर गेला तो गेलाच, आणि तुम्ही बाथरूममध्ये भांडी घासताय. त्यावर धाकटी म्हणाली, "आजी, तुमच्या वेळची माणसं शब्दाची पक्की होती, नाही?" परदेशी फोनवर लांबण लावता येत नाही, म्हणून मी नुसती हसले. पण उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि राहिलेली गोष्ट मला टोचत राहते, हे तुम्ही जाणताच. तर उत्तर असं की मुळीच नव्हती. आमच्या वेळचे लोकही "उद्या येतो" म्हणत आणि येत नसत. पक्का माणूस तेव्हाही शोधूनच काढावा लागे. मी एक काढला होता. तुमच्या त्या उकरलेल्या स्वयंपाकघरात बसून हे वाचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. माझं माहेर धुळ्याचं. वडिलांनी हौसेनं मला पुण्याला ठेवून इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि मग जळगावला दिलं. तुमचे आजोबा हायस्कुलात संस्कृत शिकवत. घरात आम्ही दोघं, तुमचे वडील तेव्हा रांगते, आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळी आळी अक्का म्हणे. त्यांचं माहेर अमळनेरजवळचं खेडं, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

अक्कांच्या हातचे मांडे लांबवर माहीत होते. तुम्ही पुरणपोळी खाल्ली आहे, पण मांडा वेगळा. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालतात. ते चांगलं तापलं की पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि क्षणात त्या खापरावर टाकायची. जराशी बिचकलात तर फाटते. अक्का बिचकत नसत. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि आमरसाबरोबर मांडे खातात. माझ्या दोन्ही नणंदा त्यासाठीच येत.

मग अक्कांचे गुडघे गेले. जमिनीवर बसणं म्हणजे चुलीपाशी बसणं, आणि ते संपलं. त्या वर्षीच्या अखाजीला मी साध्या पोळ्या केल्या. नणंदांनी त्याच आमरसाबरोबर खाल्ल्या. अक्का ओसरीतल्या खाटेवर बसून राहिल्या आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "ते खापर दिसाले नको माले. दी टाक कोनले बी." मी ते कोणाला दिलं नाही, माळ्यावर ठेवलं. पण त्या दिवसापासून अक्का घरात पाहुण्यासारख्या वागू लागल्या. भाजी कोणती करू विचारलं तर म्हणत, "तुले आवडी ती कर." सगळं घर ज्यांच्या हुकमावर चाले, त्यांचं हे बोलणं मला सहन होईना.

पुण्यात एका बाईंच्या घरी मी उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पाहिला होता. जळगावात तेव्हा तो बंगल्यांतून असे, आमच्यासारख्यांकडे नव्हता. ठरवलं की पुढच्या अखाजीच्या आत आपल्याकडे ओटा करायचा. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उभं ऱ्हाईसन सयपाक कोन करस?" पण नको म्हणाल्या नाहीत. तेवढं मला पुरे होतं.

पहिला गवंडी आजोबांच्या ओळखीतून आला. त्यानं धुराड्यासाठी भिंतीला भलं मोठं भोक पाडलं, चहा घेतला, आणि एका कापसाच्या जिनिंगच्या कामावर निघून गेला तो पुन्हा दिसला नाही. त्या भोकातून शेजारचं मांजर रोज दुधाला येऊ लागलं. आजोबा म्हणत, "तुझ्या ओट्याचा पहिला लाभार्थी."

दुसरा आला तो मात्र कामाला वाघ. भराभर विटा रचल्या, फरशी बसवली, निघाला. मी तांब्याभर पाणी घेऊन ओट्यावर ओतलं. पाणी मोरीकडे न येता भिंतीकडे गेलं आणि तिथंच साचलं. गवंडी म्हणाला, "बाई, ओट्यावर स्वयंपाक करायचा का पोहायचं?" मी तो ओटा फोडायला लावला. आळीत दोन दिवस तोच विषय. अक्का खाटेवरून म्हणाल्या, "जाऊ दे वो माय. मन्हा नशीबमा नही ते."

पण त्या साचलेल्या पाण्यानंच मला वाट दाखवली. माणसं ओळखीच्या गवंड्याची शिफारस करतात, कारण तो त्यांच्या ओळखीचा असतो. पाणी कोणाच्या ओळखीचं नसतं. ज्याच्या हाताला ढाळ, म्हणजे पाण्याचा उतार, कळतो तो न्हाणीत कळणार. आणि न्हाणी घरोघरी असते.

चैत्र लागला होता. चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू झाली होती, म्हणजे रोज कुठल्या ना कुठल्या घरी जायचंच. वर जळगावचं ऊन आणि पायाला फुफाटा. "जरा पाय धुऊ का हो?" म्हटलं की कोणीही न्हाणी दाखवी. मी पाय धुवायची आणि तिथंच उभी राहून पाहायची. बहुतेक ठिकाणी पाणी मोरीच्या अलीकडे डबकं करून बसे. बंबामागच्या कोपऱ्यात तर शेवाळच. बायका बाहेरून हाका मारत, "अहो, किती वेळ! पाय धुताय का आंघोळ करताय?" पुढे तर म्हणू लागल्या, "ओव्हरसीअरबाई आल्या, न्हाणी आवरा."

मी त्यांना हसू दिलं. कारण काही घरी पाणी सोडल्याबरोबर सरळ मोरीत गेलं आणि फरशी माझ्या देखत कोरडी झाली. बंबामागचा कोपरासुद्धा. त्या प्रत्येक घरी मी विचारलं, आणि प्रत्येक ठिकाणी तोच माणूस निघाला: मेहरूणचा एक मुसलमान मिस्त्री. आमच्या अगदी शेजारच्या काकूंची न्हाणीही त्याचीच.

मेहरूणला गेले तर त्याच्या बायकोनं सांगितलं की तो अमळनेरला तेलाच्या गिरणीच्या भिंतीवर आहे. एकटीनं अमळनेरला जाऊन मिस्त्री शोधायचा हे आजोबांना पटेना. निर्णय अक्कांनी दिला. "जाय," त्या म्हणाल्या. "तठे बठ्ठी आपलीच मानसं शेतस." कितीतरी महिन्यांनी त्यांनी घरात काही ठरवलं होतं.

मी सकाळच्या गाडीनं गेले. मिस्त्री मचाणावर होता. दाढी पांढरी, आवाज खणखणीत, आणि खाली उतरायची तयारी नाही. वरूनच म्हणाला, "बाई, मी गिरण्या बांधतो. चुली बांधत नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी तुमच्या न्हाण्या पाहून आले आहे."

थापी थांबली. "काय पाहून?"

"न्हाण्या. जळगावात तुम्ही बांधलेल्या. पाय धुतले मी त्यांत. बंबामागचा कोपरासुद्धा कोरडा राहतो."

मिस्त्रीनं सगळ्या गड्यांना ओरडून सांगितलं, "ऐका रे! उमर गेली, भिंती पाहून लोक बोलवायला आले. न्हाणीत पाय धुऊन आलेली ही पहिलीच!" आणि खाली उतरला. त्याला मी अक्कांचं सगळं सांगितलं, अखाजीचंही. त्यानं दाढी खाजवली. "ही भिंत पुरी झाल्याशिवाय हलणार नाही. जुम्म्याला घरी येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात."

घरी आजोबा म्हणाले, "आलाच तर विटा मी वाहीन."

तो आला. अजून आजोबांची पूजा चालू होती. मी देवघराच्या दारात जाऊन उभी राहिले. मग संस्कृतचे मास्तर धोतराचा काचा मारून गल्लीतून विटा आणताहेत, हे हायस्कुलातल्या अर्ध्या मुलांनी पाहिलं.

शेजारच्या काकू लगोलग आल्या. ओसरीतच अक्कांना हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुम्ही एवढ्या सोवळ्याच्या. आणि चुलीपाशी मुसलमान मिस्त्री?"

अक्का हळू बोलल्या नाहीत. "तुन्ही न्हाणी कोनी बांधी? त्याच न्हाणीमा आंग धुईसन तू सोवळी व्हस ना?"

आत मिस्त्रीच्या हातातली वीट खाली पडली, इतका तो हसला. काकू पुन्हा आल्या त्या ओटा पाहायलाच.

काम सुरू करण्याआधी मी एक अट घातली. चुना न लावता नुसत्या विटा रचायच्या, ओट्याच्या पूर्ण उंचीपर्यंत, चुलीसकट, आणि मग अक्कांनी उभं राहून पाहायचं. मिस्त्री चिडला. "बाई, साहेबांच्या बंगल्यांत ओटे बांधलेत मी. उंची माझ्या हातात बसलेली आहे."

"बंगल्यात अक्का नव्हत्या," मी म्हटलं.

कुरकुरत त्यानं विटा रचल्या. मी माळ्यावरून खापर काढलं. ते पाहून अक्कांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता यायचं नाही. त्यांना वाटत होतं ते केव्हाच कोणाच्या तरी घरी गेलं. मी ते चुलीच्या विटांवर पालथं घातलं आणि अक्कांचा हात धरून त्यांना समोर उभं केलं.

खापर त्यांच्या हनुवटीला आलं.

अक्कांनी दोन्ही हात मांडा टाकायला वर केले, आणि हात कानांच्याही वर गेले. "आते याच्यावर मांडा टाकाले माले शिडी लागी!" त्या म्हणाल्या. मिस्त्री, मी, विटा घेऊन दारात उभे असलेले आजोबा, सगळे हसत सुटलो. सर्वांत जास्त अक्का.

"बंगल्यात हे कोणी सांगितलं नाही," मिस्त्री म्हणाला.

"बंगल्यात मांडे कोण करस?" अक्का म्हणाल्या, आणि विटांकडे बोट केलं. "आखो एक थर काढ, भाऊ."

मिस्त्रीनं थर काढला. अक्कांनी हात पसरून पाहिले. पुन्हा एक काढायला लावला. मग म्हणाल्या की उरलेला ओटा तसाच उंच राहू दे, सुनेला वाकायला नको. चुलीकडचा भाग तेवढा ठेंगणा हवा. मग धुराडं कुठून जाईल यावरून दोघांची जुंपली. "अक्का, धूर कुठं जातो ते मला सांगू नका." "मी जलमभर खाल्ला शे तो धूर, मीच सांगसू." मी बाजूला उभी होते. एकदम लक्षात आलं, की माझा हात सोडून अक्का केव्हाच्या नुसत्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, आणि खाटेची त्यांना आठवणही नाही.

सिमेंटला तेव्हा परवाना लागे. मिस्त्रीनं चुन्यात बांधलं, वर शहाबादी फरशी बसवली. रोज सांगितल्या वेळी आला. जाताना आमची न्हाणी पाहून त्याला राहवेना, म्हणून तीही उकरून नव्यानं केली. शेवटी त्यानंच माझ्या हातात तांब्या दिला. "ओता, बाई." मी ओट्यावर पाणी ओतलं. दोन पायऱ्यांसारख्या त्या ओट्यावरून ते वरच्या फरशीवरून खालच्यावर आणि तिथून थेट मोरीत गेलं. मी फडक्यानं पुसायला हात लावला तर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अखाजीला नणंदा आल्या. अक्का उजाडताच ओट्यापाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले. पहिला मांडा हातांवर झुलू लागला तेव्हा आम्ही तिघी दारात दाटी करून उभ्या राहिलो. तो कोपरांपर्यंत आला, पातळ झाला, त्यातून खिडकीचा उजेड दिसू लागला, आणि खापरावर पडला. फाटला नाही. धूर मिस्त्री म्हणाला होता तिथून वर गेला. नाही, खरं सांगायचं तर अक्का म्हणाल्या होत्या तिथून.

थोरली नणंद डोळे पुसत म्हणाली, "आई, मी लाटून देऊ?"

अक्कांनी मागे न पाहता सांगितलं, "चला, व्हा बाहेर. झोके घ्या जा. सयपाकघर मन्हं शे."

आम्ही निमूट बाहेर गेलो. मिस्त्री दुपारी धुराडं पाहायला म्हणून आला आणि मांडे खाऊन गेला. त्यानंतर आमच्या आळीत एकामागून एक ओटे झाले, आणि हळदीकुंकवाला गेलेल्या बायका आपणहून माझ्यासमोर पाणी ओतून दाखवू लागल्या.

तेव्हा पोरींनो, पोरांनो, ओळखीच्यांना विचारू नका. दुसऱ्याच्या घरी जा, पाय धुवायचं निमित्त करा आणि पाणी कुठं जातं ते पाहा. त्याच माणसाकडे स्वतः जा, आणि तो आल्यावर विटा आधी कोरड्या रचायला लावा.

अक्का गेल्या, मिस्त्रीही गेला. खापर पुढे घर रंगवताना फुटलं. ओटा आहे. उंच भागावर गॅस आहे, ठेंगण्या भागावर पाण्याची कळशी. त्या फरशीवरचा चुलीचा काळा डाग घासून जात नाही, म्हणून मी घासणं सोडलं आहे. न्हाणीत पाणी अजूनही साचत नाही.