पाहुण्यांच्या हस्ते प्रवेश

आमच्या कोल्हापुरात पाहुण्यांचा हात लागल्याशिवाय कुठलीच गोष्ट झाली असं कुणी धरत नाही. गटारावर फरशी टाकली तरी नारळ फुटतो, फेटे बांधून फोटो निघतात. तरी एका पोरीचा चौथीतला प्रवेश यात अडकेल, असं मला वाटलं नव्हतं.

तिचे आईबाप पाटे-वरवंटे विकायचे आणि कसबा बावड्याला रस्त्याकडेला पाल ठोकून राहायचे. आधीच्या गावात तिची तिसरी झाली होती. वाचायची खणखणीत. मी चौथीची वर्गशिक्षिका. तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. पत्ता नसो, दाखला नसो, पोराला ताबडतोब वर्गात बसवायचं, हा कायदा या गृहस्थांना तोंडपाठ होता. भाषणात तेवढंच तर बोलायचे.

"घेऊ की बाई," ते म्हणाले, "पण असं गुपचूप कशाला? सोमवारी पावणं येणार हायत. त्यांच्या हस्ते दप्तर देऊन घेऊ. पेपरात येतंय."

मी भांडले. दगडावर डोकं आपटून घेतलं, एवढंच. पोर रोज फाटकाशी यायची आणि शिपाई "सोमवारी ये" म्हणून तिला हाकलायचा.

पाहुण्यांची गाडी येणारा रस्ता चकाचक हवा, असा फोन शाळा समितीच्या अध्यक्षांनीच वर केला होता. सोमवारी सकाळी अतिक्रमणवाले आले आणि पालं उचलून माणसांना पिटाळून गेले. इकडे शाळेत हलगी कडाडत होती आणि जिच्यासाठी कडाडत होती तीच गायब. आपण काय करून बसलो, हे या दीडशहाण्यांना माइकवरून तिला बोलावल्यावर कळलं. लाज वाटावी? छे! अध्यक्षांची नात, आमच्याच चौथीतली, पुढे ढकलली. पाहुण्यांनी तिला दप्तर दिलं. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची किळस आली.

संध्याकाळी रिक्षा करून शोधत निघाले. शहराबाहेर हायवेच्या कडेला त्यांचं सामान पडलं होतं. तिथून आमच्या शाळेपर्यंत चालत येणं त्या पोरीच्यानं होणार नव्हतं. मला बघताच ती धावत आली. सकाळी घातलेल्या दोन वेण्या अजून सोडल्या नव्हत्या.

"बाई, पावणं गेलं न्हवं? मग उद्यापासनं बसू वर्गात?"