बसलेली ज्योत

लेकीच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला कोंढा गावातली एकोणऐंशीच्या हिवाळ्यातली दुपार आठवली. तेव्हा बाळंतीण मी होते आणि हीच लेक सहा दिवसांची होती. मला वारा लागू नये म्हणून सासूबाईंनी खिडकीत पोती कोंबली होती. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी होती, कोनाड्यात कंदील. डोकं जड झालं होतं. मला वाटलं, झोप येतेय.

लेकराला चोळता चोळता सुईण भागाबाईची नजर कंदिलावर गेली. "ज्योत काहून बसून राहिली?"

तेल भरपूर होतं. तिनं वात वर केली. ज्योत क्षणभर भडकली, काच काळी झाली, आणि ज्योत पुन्हा खाली बसली. भागाबाईनं उठून सरळ पोती ओढून काढली.

"तिले वारा लागन ना!" सासूबाई ओरडल्या.

"दिव्याले हवा लागते, मंग लेकराले नाही लागत का?"

काचेतली ज्योत हळूहळू ताठ उभी राहिली. मला मात्र तेव्हा भागाबाई उद्धटच वाटली होती.

आज मी लेकीच्या खोलीत जाऊन खिडकी बोटभर उघडली. खाटेखाली शेगडी अजून आहे. हवा कमी पडली तर सांगायला कोनाड्यात कंदील नाही.